गोवा मुक्तिलढ्यातल्या स्त्रिया: फलकावर नेमकं काय लिहायचं?

खाजन_बांध
१८ जूनला, क्रांतिदिनाला, वाचनालयात बारा फलक लावायचे ठरलेत. नियम एकच ठेवलाय: ‘मोलाचे योगदान’, ‘हिरिरीने सहभाग’ हे शब्द बंद. कोणी, कुठे, कधी, काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं, एवढंच. पाच फलकांचा कच्चा मजकूर देतो. चिरफाड करा.

फलक १. वत्सला कीर्तनी, मडगाव, जून १९४६. लोहिया आणि जुलियांव मिनेझिस यांना १८ जूनच्या सभेत पकडल्यावर पुढच्या दिवसांत मडगावात उघड्यावर घोषणा देऊन अटक ओढवून घेतली. त्यांना धरल्यावर बायका पोलीस ठाण्यावर चालून गेल्या, आम्हालाही धरा म्हणून.

फलक ४. सुधाताई जोशी, म्हापसा, ६ एप्रिल १९५५. नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष. शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत भाषण सुरू केलं आणि अटक झाली.

फलक ६. सहोदराबाई राय, पत्रादेवी (गोव्याची उत्तर सीमा), १५ ऑगस्ट १९५५. हातात तिरंगा, गोळी लागली.

फलक ७. लिबिया लोबो, गुप्त रेडिओच्या उद्घोषक.

फलक ९. ‘अज्ञात वीरांगना’. पदराआड हजारो पत्रकं नेणाऱ्या, भूमिगतांना जेवू घालणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या.

तांबडी_सुपारी
फलक ४ मध्ये ‘शुक्रवारचा बाजार’ कुठून आला? ६ एप्रिल १९५५ ला बुधवार होता. १५ ऑगस्ट १९५५ सोमवार, तिथून १३१ दिवस मागे मोजा. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, म्हणून कोणीतरी कधीतरी अधिवेशन त्या गर्दीत नेऊन बसवलं असणार. ऐकायला बरं वाटतं, पण काढा.

तारखेचा खरा अर्थ तिथे लिहा. ६ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताहाचा पहिला दिवस. १९१९ चा रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ त्याच तारखेचा, १९३० ची दांडीची मिठाची मूठही त्याच तारखेची. गोव्यातले सत्याग्रह असेच तारखा धरून व्हायचे: २६ जानेवारी, ६ एप्रिल, १८ जून, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. याचा फायदा असा की निरोप पोचला नाही तरी कार्यकर्त्यांना दिवस ठाऊक असे. तोटाही तोच. पोलिसांनाही ठाऊक असे.

खाजन_बांध
बुधवार मान्य. काढतो.

कागद_किडा
नावं शोधणाऱ्यांसाठी थोडं लांबड लावतो, कारण निम्म्या चुका इथेच होतात. पोर्तुगीज कागदांत आपली नावं मराठी उच्चाराच्या जवळपासही सापडत नाहीत. ‘श’ हवा असेल तर एक्स अक्षराखाली बघा, म्हणजे शशिकला आणि शारदा दोघी एक्समध्ये. ‘क’ला सी लावतात, काकोडकर सीमध्ये. पण पुढे ए किंवा इ आला की क्यू, म्हणून केंकरे आणि केणी क्यूमध्ये. ‘ह’ उच्चारात नाही, त्यामुळे होडारकर कधी एचमध्ये, कधी सरळ ओमध्ये. प्रभूचं पोरोबो, शेणैचं सिनाय, कामतचं कामोतिं. शेवटच्या ‘ए’चा ‘ओ’ होतो, गायतोंडेचं गायतोंडो. गावांचंही तेच: साखळी एसमध्ये, पण केपें क्यूमध्ये आणि काणकोण सीमध्ये.

बायकांच्या बाबतीत आणखी एक घोळ. अटकेच्या वेळी माहेरचं आडनाव, नंतरच्या सरकारी यादीत सासरचं. मित्रा काकोडकर आणि मित्रा बीर एकच. लिबिया लोबो आणि लिबिया लोबो सरदेसाई एकच. कागदावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि गाव असतं. ही तिन्ही जुळली तरच ‘तीच बाई’ म्हणायचं. एकट्या नावावर जुळवलंत तर फसाल. शशिकला होडारकर या स्वातंत्र्यसैनिक, शशिकला काकोडकर या १९७३ ते १९७९ या काळातल्या मुख्यमंत्री, भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या. नावाच्या घाईत एकीचा फोटो दुसरीच्या मजकुरावर चढायला वेळ लागत नाही.

आणि धंद्याच्या रकान्यात शोधू नका. शिक्षिका असो, शेतात राबणारी असो, ‘दोमेस्तिका’ म्हणजे घरकाम, असं लिहून कारकून मोकळा.

मुठाळी
@कागद_किडा, वाचनखूण साठवली. यादी कुठली वापरायची तेही सांगा ना.

कागद_किडा
पहिली पायरी, गोवा सरकारच्या गॅझेटियर खात्याने १९८६ मध्ये काढलेली स्वातंत्र्यसैनिकांची सूची, पहिला खंड. दुसरा खंड नंतर निघाला. तिथून जन्मगाव आणि अटकेची तारीख घ्यायची. मग पणजीच्या पुराभिलेख खात्यात त्या तारखेच्या आसपासचे कागद. पिडे या राजकीय पोलिसांचं दप्तर मात्र लिस्बनला, तोर्रे दो तोंबो या पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. पणजीत सगळं मिळेल ही आशा ठेवून गेलात तर दोन दिवस वाया जातील.

पेडणेकर_साधे
फलक ६ बद्दल. सहोदराबाई मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या. पुढे लोकसभेवरही गेल्या. गोव्याच्या स्त्रियांच्या फलकांत त्यांना घेताय, मग गोंयकार बायकांची जागा कमी होते त्याचं काय? ‘बाहेरून आलेल्यांनी सोडवलं’ हे आधीच पुरेसं ऐकतो आपण.

तांबडी_सुपारी
साधेबाब, घ्यायला हवं. पण १९५५ च्या आधी काय झालं तेही शेजारी लावा, म्हणजे तोल जाणार नाही. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींच्या ज्या तीन तुकड्या आत शिरल्या त्यांचे म्होरके गोंयकार होते: तेरेखोलला आल्फ्रेड आफोंसो, बांद्याकडून टोनी डिसोझा, पोळ्याकडून मार्क फर्नांडिस. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्यापासून बाहेरच्या तुकड्या सुरू झाल्या आणि १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसं एकाच दिवशी सीमेवर आली. विसाहून अधिक मेली. पत्रादेवीला सहोदराबाईंना गोळी लागली. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नेलसिंग तिथेच पडले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी. हे एका फलकावर मावतं.

त्यानंतर काय झालं हे बहुतेक जण गाळतात. भारत सरकारने सामूहिक प्रवेश बंद केला, सीमा आवळली, कॅसलरॉकवरून मुरगावला जाणारी गाडी थांबली. म्हणजे बाहेरून येणारी माणसं संपली. १९५५ नंतर आत जे काही चाललं ते आतल्या माणसांवर आणि आतल्या घरांवर चाललं. तुमचा फलक ९ खरा तिथून सुरू होतो.

पेडणेकर_साधे
ठीक. पण सिंधुताई देशपांडे कुठल्या धरायच्या? पुण्याच्या, पण काम आत राहून, भूमिगत.

तांबडी_सुपारी
कामाच्या जागेवरून धरा. जन्मगावावरून धरलंत तर सुधाताईंचंही अवघड होईल. संसार पुण्यात, यजमान महादेवशास्त्री सत्तरीतल्या आंबेड्याचे, अटक म्हापशात.

लहरीलांबी
फलक ७ मधला ‘उद्घोषक’ हा शब्द खटकला. निवेदन हा त्या कामाचा शेवटचा तास. त्याआधीचं काम बघा.

केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं. पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ द लिबेर्दाद’, कोंकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि सुरुवातीला निकोलाव मिनेझिस. दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सुटली तेव्हा हाती आलेले बिनतारी संच या कामी लावले. आधी आंबोलीचं जंगल, मग कॅसलरॉककडे. आंबोली का? उंची सुमारे ६९० मीटर, समोर गोव्याकडे उतरणारा घाट, आणि गोव्याच्या हद्दीबाहेर. पोर्तुगीज पोलिसांना तिथे हात घालता येत नव्हता. पण तोच डोंगर महाराष्ट्रातल्या सगळ्यात पावसाळी जागांपैकी एक. जून ते सप्टेंबर दमट हवेत विजेची जोडणी कोरडी ठेवणं म्हणजे काय, हे जुना रेडिओ उघडलेल्या कोणालाही विचारा. सांधे गंजतात, रोधक फुगतात, आवाजात खरखर येते.

आता काम. लिस्बनचं प्रसारण ऐकायचं, टिपायचं, त्यातलं खोटं निवडायचं, उत्तर लिहायचं. तेच पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत, पण दोन्हींत मजकूर वेगळा. पोर्तुगीज ऐकणारा शिपाई किंवा कारकून, त्याला सांगायचं की आफ्रिकेत, आशियात साम्राज्यं कशी उठतायत. कोंकणी ऐकणारा मडगाव-म्हापशाचा माणूस, त्याला सांगायचं की तुझ्या गावात काल काय झालं, कारण त्याच्या वर्तमानपत्रात ते छापून येणार नाही. मुंबईत युद्धकाळात सेन्सॉरच्या कचेरीत पत्रं तपासण्याचं काम लिबियाबाईंनी केलं होतं. सेन्सॉर कसा वाचतो हे आतून माहीत असलेली बाई सेन्सॉरच्या विरोधात लिहीत होती. फलकावर ही ओळ टाका.

हे सहा वर्षं चाललं, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. त्या दिवशी त्या आणि सरदेसाई हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावरून गोवा सुटल्याची बातमी सांगत फिरले. दोघांचं लग्न त्यानंतरचं, त्यामुळे ‘पतीला साथ दिली’ असं लिहिलंत तर काळाच्या हिशेबातही चूक.

मुठाळी
पद्मश्री २०२५, शंभरी गाठल्यावर. सरदेसाईंना १९९२. फलकावर दोन्ही वर्षं शेजारी-शेजारी छापा, टीका करायची गरजच उरणार नाही.

गाळीव_पाणी
फलक ९ वरच्या ‘पदराआड हजारो पत्रकं’ या ओळीचं वजन करून बघूया.

तेव्हाचा चक्रमुद्रणाचा (सायक्लोस्टाइलचा) फूलस्केप कागद, साधारण ६० ग्रॅम प्रति चौरस मीटर. एक ताव सव्वाचार-साडेचार ग्रॅम. ५०० तावांचं रीम सव्वादोन किलोच्या आसपास. अर्ध्या तावाचं पत्रक धरलं तर एका रिमात हजार पत्रकं. सव्वादोन किलोचा, वीटभर जाडीचा गठ्ठा पदराआड राहत नाही, चालताना कळतो. पन्नास पत्रकं म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम, ती ओच्यात, कंबरेला, पोलक्यात सहज जातात. हजार न्यायची तर टोपली, गाठोडं, तांदळाचं पोतं हवं.

म्हणजे ही दोन वेगळी कामं आहेत. गठ्ठा गावापर्यंत आणणं एक, गावात दारोदार वाटणं दुसरं. पकडल्यावरची शिक्षाही सारखी नसणार. पन्नास पत्रकं ‘सापडली’ म्हणता येतात, रीम सापडलं तर ‘कोणी दिलं’ यावर चौकशी अडते, आणि मार तिथे बसतो.

पत्रकं बाहेरून का आणायची, हेही एका ओळीत लिहा. छापायच्या प्रत्येक गोष्टीला सेन्सॉरची मंजुरी लागत असे, लग्नपत्रिकेलासुद्धा. आतल्या छापखान्याने एक ओळ चोरून छापली तरी खिळ्यांच्या वळणावरून छापखाना ओळखू येई.

टणक_पोफळ
@गाळीव_पाणी, हिशेब आवडला. आता दुसरी अफवा. ‘वीरांगना साडीत पिस्तूल लपवून न्यायच्या.’ दर १८ जूनला भाषणात ऐकू येतं. कोण, कुठून कुठे, कधी? तिन्हींपैकी एकही सांगत नाही कोणी. आझाद गोमंतक दल सशस्त्र होतं, त्यांनी दादरा-नगर हवेलीत भाग घेतला, हे सगळं खरं. त्यावरून प्रत्येक पदराआड पिस्तूल निघत नाही. नाव, गाव, तारीख नसेल तर फलकावर नको.

मुठाळी
इतकं कडक धरलंत तर फलक ९ उरणारच नाही, पोफळबाब. त्या कामाचा स्वभावच असा की नाव, गाव, तारीख मागे राहू नये.

टणक_पोफळ
मग कामाचं वर्णन द्या, पराक्रमाचं नको. ‘भूमिगतांना रात्री जेवण’ हे खरं, त्याला पिस्तुलाची फोडणी कशाला?

सनद_नसलेली
मुठाळीबाय बरोबर बोलल्या, पण ती नुसती हळहळ नाही, त्यामागे कायद्याचा कागद आहे. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ मध्ये सुरू झाली, १९८० मध्ये नियम सैल झाले. अट काय? निदान सहा महिने तुरुंगवास. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना तीन महिने. पुरावा म्हणजे तुरुंगाचा दाखला. तो नसेल तर सहबंद्यांचे दाखले. भूमिगत म्हणून अर्ज करायचा तर फरारी घोषित केल्याचा, वॉरंटचा किंवा इनाम लावल्याचा कागद.

आता हे फलक ९ वरच्या बाईला लावा. तिच्या घरी भूमिगत राहून गेला. तिने तांदूळ, भाकरी, कोरडे कपडे, पुढच्या घराचा पत्ता दिला. काम नीट झालं म्हणजे पोलीस आलेच नाहीत. पोलीस आले नाहीत म्हणजे वॉरंट नाही, अटक नाही, दाखला नाही. ज्याला तिने सांभाळलं तो पुढे पकडला गेला, त्याला दाखला मिळाला, नाव यादीत आलं. तिचं काम जितकं चोख, तितका तिचा कागद कोरा. तीन महिन्यांची सवलत अटक झालेल्या बाईला उपयोगी, अटक टाळलेल्या बाईला शून्य.

सहबंद्यांच्या दाखल्यातही अडचण. स्त्रिया वेगळ्या ठेवलेल्या, संख्येने थोड्या. दाखला देणारी दुसरी बाई जिवंत आणि ओळखीची असायला हवी. पुरुषांना आग्वाद किल्ल्याच्या तुरुंगात खोलीभर साक्षीदार.

कागद_किडा
यावरून फलकांसाठी एक सुचतं. अटक झालेल्यांसाठी तुरुंगाचा प्रवास एका आकृतीत दाखवा, नाहीतर प्रत्येकीपुढे ‘आग्वादमध्ये कैद’ असं सरसकट पडतं. आधी तालुक्याची कोठडी, म्हणजे म्हापसा, मडगाव वगैरे. मग पणजीचं पोलीस मुख्यालय, चौकशी. मग लष्करी न्यायालय. शिक्षा झाली की आग्वाद किंवा रेइश मागुशचा किल्ला. मार बसायचा तो बहुतेक पहिल्या दोन टप्प्यांत, निकालाआधी. तळहातावर मारायची भोकं पाडलेली लाकडी फळी तिथलीच. न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचा उल्लेख शोधू नका.

शिक्षेची वर्षंही मनाने लिहू नका. मित्रा काकोडकरांना बारा वर्षं झाली. पण ‘बारा वर्षं तुरुंगात’ असं लिहिलंत तर चूक. झालेली शिक्षा आणि भोगलेली शिक्षा या दोन वेगळ्या ओळी हव्यात. ना. ग. गोरे यांना दहा वर्षं झाली होती आणि ते १९५७ मध्ये सुटले.

सनद_नसलेली
त्याच निकालपत्रात आणखी एक गंमत असते: ‘राजकीय हक्क पंधरा वर्षं निलंबित.’ पोर्तुगालच्या १९३१ च्या कायद्याने मत द्यायला पुरुषाला लिहिता-वाचता येणं पुरे होतं, बाईला मात्र माध्यमिक किंवा त्यावरचं शिक्षण लागे. सत्तरी-काणकोणातल्या बाईकडे निलंबित करायला नेमके कुठले हक्क होते?

पेडणेकर_साधे
एक नाव अजून कोणी घेतलं नाही. बर्था मिनेझिस ब्रागांझा, चांदरच्या. लुईस द मिनेझिस ब्रागांझांच्या कन्या, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांच्या भाची. कुन्हा पोर्तुगालहून निसटून मुंबईत आल्यावर ‘फ्री गोवा’ हे पत्र निघालं. सप्टेंबर १९५८ मध्ये ते वारले, पुढे संपादन बर्थाबाईंनी केलं. इथेही ‘भाचीने मामाचं काम पुढे नेलं’ एवढ्यावर भागवू नका. पत्र चालवणं म्हणजे कागद, छपाई, टपाल आणि दर अंकाला भरायची पानं.

खाजन_बांध
सगळ्यांचे आभार. बदल असे: फलक ४ वर ‘बुधवार’ आणि राष्ट्रीय सप्ताह. फलक ६ वर १९५४ च्या तीन तुकड्या वरच्या पट्टीत, सीमा बंद झाल्याचं खालच्या पट्टीत. फलक ७ वर ‘उद्घोषक’ काढून ‘केंद्र चालवणाऱ्या दोघांपैकी एक’. बर्थाबाई फलक ८ वर. तुरुंगाच्या मार्गाची आकृती फलक १० वर.

फलक ९ चं मात्र अजून सुचत नाही. पिस्तूल घ्यायचं नाही ठरलं, ‘हजारो’ काढलं. आता त्यावर काय उरलं?

गाळीव_पाणी
पन्नास पत्रकांचा खरा गठ्ठा करून फलकाला दोरीने टांगा. शेजारी पाचशे तावांचं रीम ठेवा. बघणाऱ्याला दोन्ही हातात उचलून बघू द्या.

सनद_नसलेली
आणि मथळ्यातलं ‘अज्ञात’ खोडा. गावात त्या कोणाला अज्ञात होत्या? कोणाच्या घरी कोण राहून गेलं, हे वाड्यावर सगळ्यांना माहीत असे आणि कोणी बोलत नसे. ‘नोंद नसलेल्या’ लिहा. खाली पेन्शनच्या अर्जातला पुराव्याचा रकाना मोठा करून छापा, कोरा.

खाजन_बांध
रीम आजच आणतो. रकान्याखाली पेन्सील बांधून ठेवू का? प्रदर्शनाला आलेल्या कोणी घराचं, वाड्याचं नाव लिहिलं तर?

टणक_पोफळ
ठेवा. पण गाव आणि साल लिहायला दोन वेगळ्या रेघा आखून द्या, नाहीतर नुसतीच नावं जमतील.